टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आला तर काय करायचं? सभेआधी लॅपटॉप जोडून बघायची रीत



वार्षिक सभा हिशेबाचं वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. तोपर्यंत जमाखर्च तयार असतो, लॅपटॉपमध्ये असतो, आणि हॉलमध्ये टीव्हीही असतो. दोन्ही जोडायला गेलं की निळ्या पडद्यावर अक्षरं येतात, ‘नो सिग्नल’. कोणीतरी केबल हलवतं, कोणीतरी रिमोट दाबतं, दहा मिनिटं जातात. मग कोणीतरी म्हणतं, “राहू दे की, वाचूनच दाखवा.” आकडे भराभर वाचले जातात, हात वर होतात, हिशेब मंजूर.

इथंच नुकसान होतं. मत्स्यबीज किती आणलं, तलावाच्या ठेक्याला किती भरले, जाळ्यांवर आणि गाडीभाड्यावर किती गेले, हे कानानं ऐकून कोणाच्या ध्यानात राहत नाही. डोळ्यांसमोर रकाना असला की माणूस बोट दाखवून विचारतो, “ही रक्कम कशाची?” आपल्या वडगाव, निपाणी, बेळगाव भागात आणखी एक गोष्ट आहे. खात्याकडून येणारा कागद कन्नडमध्ये असतो आणि बऱ्याच सभासदांचं वाचन मराठीत. तो कागद मोठ्या पडद्यावर असला तर कन्नड वाचणारा एक जण ओळ ओळ समजावून सांगू शकतो, आणि बाकीच्यांना कुठली ओळ चालली आहे ते दिसतं.

लॅपटॉपचा पडदा साधारण १५.६ इंचाचा, हॉलमधला टीव्ही ४३ इंचाचा. क्षेत्रफळ काढलं तर टीव्ही साडेसात पट मोठा. मागच्या रांगेतल्या तात्यांना आणि आक्कांना तेवढं तरी दिसलंच पाहिजे. म्हणून हा धडा. इथं विंडोजचा लॅपटॉप धरला आहे, कारण सोसायट्यांत बहुतेक तोच असतो.

आधी एक नियम

जाळं फाटलं तर आपण मधेच कुठंतरी गाठी मारत बसत नाही. एका कडेला धरतो आणि हात फिरवत भोक शोधतो. इथंही तसंच. चित्र लॅपटॉपमधून निघतं आणि टीव्हीवर पोचतं, त्या वाटेवर सहा ठिकाणं आहेत: लॅपटॉपची सेटिंग, लॅपटॉपचं पोर्ट, केबल, मधे कन्व्हर्टर असेल तर तो, टीव्हीचं पोर्ट आणि टीव्हीचा सोर्स. बिघाड यातल्याच कुठल्यातरी ठिकाणी असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल बदलली, रिमोटही दाबला, सेटिंगही फिरवली आणि चित्र आलं, तर कशानं आलं ते कळत नाही. पुढच्या सभेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तुमच्याकडं कुठलं पोर्ट आहे?

१) व्हीजीए: तीन रांगांत पंधरा भोकं, बहुतेक निळ्या रंगाचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. हे १९८७ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आलं. यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही.

२) एचडीएमआय: चपटं, खालचे दोन कोपरे आत वळलेले. याचे पहिले नियम डिसेंबर २००२ मध्ये ठरले. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातो. हॉलसाठी हेच सगळ्यात सोपं.

३) यूएसबी-सी: लहान, लंबगोल, कसंही उलटसुलट बसतं. सावध राहायचं ते इथं. दिसायला सगळी सारखी असली तरी प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र निघत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर बहुतेक चित्र निघतं. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून मगच कन्व्हर्टर विकत घ्या.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. लॅपटॉपला व्हीजीए आणि टीव्हीला एचडीएमआय असेल तर ‘व्हीजीएकडून एचडीएमआयकडं’ जाणारा लागतो. त्याला बहुतेक वेळा यूएसबीची वेगळी वायर जोडून वीज द्यावी लागते, आणि आवाजासाठी वेगळी पिन असते. ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडं’ जाणारा दिसायला तसाच असतो, पण उलटा चालत नाही. दुकानात नुसतं “कन्व्हर्टर द्या” म्हणू नका, कुठून कुठं ते सांगा.

टीव्ही काय म्हणतो ते नीट वाचा

टीव्हीवर काय दिसतं यावरून बिघाड कुठं शोधायचा ते ठरतं.

‘नो सिग्नल’ म्हणजे टीव्हीपर्यंत काहीच पोचलं नाही. सोर्स, केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपची सेटिंग बघा.

‘मोड नॉट सपोर्टेड’ किंवा ‘अनसपोर्टेड फॉरमॅट’ म्हणजे सिग्नल पोचला, पण टीव्हीला तो झेपत नाही. इथं केबल बदलायची घाई करू नका, लॅपटॉपची सेटिंग बदला.

चित्र येतं-जातं, किंवा पांढरे ठिपके चमकतात, म्हणजे केबल कच्ची आहे, सैल आहे किंवा फार लांब आहे.

‘नो सिग्नल’ आला तर या क्रमानं जा

पहिली पायरी, सोर्स. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबा. टीव्हीच्या मागं एचडीएमआय १, २, ३ असे आकडे असतात. डिशचा बॉक्स बहुतेक १ मध्ये असतो आणि लॅपटॉप २ मध्ये जोडला जातो, पण टीव्ही १ वरच बसलेला असतो. केबल ज्या आकड्यात आहे तोच आकडा पडद्यावर निवडा.

दुसरी पायरी, केबल. दोन्ही टोकं काढा, बघा, पुन्हा सरळ आणि पूर्ण आत बसवा. भिंतीला लागून असलेल्या टीव्हीत केबल अर्धवट बसते, वरून दिसत मात्र नाही.

तिसरी पायरी, डिशच्या बॉक्सची परीक्षा. हिला पैसा लागत नाही. डिशचं चित्र नीट येत असेल तर त्या बॉक्सची केबल आणि ज्या पोर्टात ती आहे ते पोर्ट, दोन्ही चांगली आहेत हे सिद्ध झालं. आता तीच केबल टीव्हीकडून न काढता बॉक्सकडून काढा आणि लॅपटॉपला लावा. चित्र आलं, तर तुमची केबल किंवा आधीचं पोर्ट खराब होतं. नाही आलं, तर बिघाड लॅपटॉपच्या बाजूला आहे. सहा ठिकाणांतली निम्मी एका झटक्यात बाद झाली.

चौथी पायरी, लॅपटॉपला सांगणं. चार खिडक्यांचं चिन्ह असलेलं विंडोज बटण दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त लॅपटॉपवर, ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडं तेच, ‘एक्स्टेंड’ म्हणजे टीव्ही हा वेगळा, जोडपडदा, आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त टीव्हीवर. आधी ‘डुप्लिकेट’ निवडा. पहिला पर्याय निवडलेला असेल तर केबल कितीही चांगली असो, टीव्हीवर काही येणार नाही.

पाचवी पायरी, शोधायला लावणं. ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘सिस्टम’, मग ‘डिस्प्ले’. तिथं ‘मल्टिपल डिस्प्लेज’ मध्ये ‘डिटेक्ट’ असं बटण असतं, ते दाबा. टीव्ही सापडला तर वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात.

सहावी पायरी, चित्राचा भाग नव्यानं चालू करणं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. यानं चित्र दाखवणारा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडलेल्या फाइली बंद होत नाहीत, तरी आधी सेव्ह केलेलं बरं.

सातवी पायरी, सगळं बंद करून चालू. लॅपटॉप बंद करा. टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटणावरून बंद करा आणि एक मिनिट थांबा. केबल जोडा. आधी टीव्ही चालू करून सोर्स निवडा, मग लॅपटॉप चालू करा. सुरू होतानाच दोघांची ओळख होते.

एवढं करूनही चित्र नाही आलं, तर तोच लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या घरच्या टीव्हीला जोडून बघा. तिथंही नाही आलं तर लॅपटॉपचं पोर्ट किंवा ड्रायव्हर गेलं आहे, आता दुरुस्तीवाल्याकडं न्या. पण जाताना काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे नसत्या गोष्टींचे पैसे लागणार नाहीत.

‘मोड नॉट सपोर्टेड’ आला तर

‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये २ नंबरचा चौकोन निवडा. ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ १९२० गुणिले १०८० करा. जुना, लहान टीव्ही असेल तर १३६६ गुणिले ७६८ करून बघा. मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये जाऊन ‘रिफ्रेश रेट’ ६० हर्ट्झ ठेवा.

टीव्ही फोर-के आहे म्हणून लॅपटॉपही फोर-के वर चालवायचा हट्ट नको. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा जायला २०१३ ची २.० आवृत्ती लागते, आणि केबलही तशीच चांगली लागते. जमाखर्च दाखवायला १९२० गुणिले १०८० पुरेसं आहे.

चित्र आलं, पण कडा कापल्या

हे बारीक वाटतं, पण हिशेबाच्या सभेत याच्याइतकं वाईट काही नाही. पुष्कळ टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडेचा भाग पडद्याबाहेर ढकलतात. सिनेमात ते कळत नाही. पण जमाखर्चात सगळ्यात उजवीकडचा रकाना कुठला असतो? शिल्लक! तीच कापली जाते.

रिमोटवरून टीव्हीच्या ‘पिक्चर’ सेटिंगमध्ये जा आणि ‘पिक्चर साइज’ किंवा ‘ॲस्पेक्ट रेशो’ शोधा. तिथं ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’, ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, कंपनीप्रमाणं नाव बदलतं. तो निवडला की चारही कडा दिसतात. खात्री करायला लॅपटॉपच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ टीव्हीवर पूर्ण दिसतं का ते बघा.

अक्षरं बारीक दिसत असतील तर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, तक्ता मोठा होतो. अख्खं पान एकदम दाखवू नका. पंधरा-वीस ओळी दाखवा, त्या संपल्या की पुढं सरका. एका पोराला शेवटच्या खुर्चीवर बसवून वाचायला सांगा. त्याला वाचता आलं तरच तक्ता बरोबर.

चित्र आहे, आवाज नाही

दर १० जुलैला देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. १९५७ साली याच तारखेला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखवलं. आज आपण तलावात जे कटला, रोहू, मृगळचं बीज सोडतो ते हॅचरीतून मिळायला लागलं, त्याची सुरुवात तिथली. त्या दिवसाचे कार्यक्रम, प्रशिक्षणाचे व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचे म्हटलं तर आवाज पाहिजेच.

आधी टीव्हीचा आवाज बंद तर नाही ना ते बघा. मग लॅपटॉपवर घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. आवाज कुठं जातो आहे त्याचं नाव तिथं असतं, ते बदलून टीव्हीचं नाव निवडा. कोणाचा ब्लूटूथ स्पीकर जोडलेला असेल तर आवाज तिकडं पळतो, तो बंद करा.

व्हीजीएनं जोडलं असेल तर आवाज टीव्हीकडं जाणारच नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून पिनची वायर टीव्हीला किंवा हॉलच्या ॲम्प्लिफायरला जोडा, आणि आवाजाच्या यादीत टीव्ही नाही, लॅपटॉपचा स्पीकर-हेडफोन निवडा. बाजूला माग चालू असतील तर टीव्हीचा आवाज पुरत नाही, तिथं ॲम्प्लिफायरच बरा.

ॲम्प्लिफायरला जोडल्यावर ‘हूंऽऽ’ असा घुमका आवाज आला तर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप, टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, नाहीतर लॅपटॉप तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

सगळ्यांना काय दिसलं नाही पाहिजे

‘डुप्लिकेट’ मध्ये लॅपटॉपवर जे जे येतं ते अख्ख्या हॉलला दिसतं. सभासदांच्या आधार नंबरची फाइल, बँक खात्याचे आकडे, व्हॉट्सॲपवरचे घरगुती निरोप, बँकेचा ओटीपी, सगळंच. म्हणून चित्र आलं की ‘डुप्लिकेट’ वरून ‘एक्स्टेंड’ वर जा. जमाखर्चाची फाइल माउसनं ओढून टीव्हीच्या बाजूला न्या, बाकीचं लॅपटॉपवरच राहील. व्हॉट्सॲप आणि ईमेल बंद करा, नोटिफिकेशन थांबवा. हिशेब सगळ्यांचा आहे, आधार नंबर ज्याचा त्याचा.

वायर नको, वायफायनं होईल का?

होतं. टीव्हीत ‘स्क्रीन मिररिंग’ किंवा ‘स्क्रीन शेअर’ चालू करा, लॅपटॉपवर विंडोज आणि ‘के’ दाबा, यादीत टीव्हीचं नाव आलं की निवडा. मिराकास्ट असलेल्या टीव्हीला यासाठी इंटरनेट लागत नाही, दोन्ही यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. पण चित्र मागं पडतं, गर्दीत तुटतं. घरी ठीक आहे, सभेला वायरच पक्की.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर

लाल, पांढरी, पिवळी भोकं असलेल्या टीव्हीला कन्व्हर्टर लावून लॅपटॉप जोडता येतो. व्हिडिओ बघायला चालेल, पण हिशेब वाचता येणार नाही. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळी फक्त ५७६ असतात. आकडे पुसट होतात, ३ आहे की ८ ते कळत नाही. आणि हिशेबात ३ आणि ८ मध्ये फरक असतो!

काहीच जमलं नाही तर

आदल्या दिवशीच जमाखर्चाच्या प्रत्येक पानाचा फोटो करून पेन ड्राइव्हवर ठेवा. बहुतेक टीव्हींना यूएसबीचं भोक असतं आणि फोटो थेट उघडतात. एक्सेलची किंवा पीडीएफची फाइल मात्र बहुतेक टीव्ही उघडत नाहीत, म्हणून फोटोच ठेवा. रिमोटनं एकेक पान पुढं न्यायचं. आणि लाईटच गेली तर? चार छापील प्रती हॉलच्या चार कोपऱ्यांत फिरवायच्या. त्या तयारच ठेवा.

वीज सांभाळा

हात कोरडे करून मगच पिना लावा. जिथं अर्थिंगची खात्री नाही तिथं आधी केबल जोडा, मग बटणं चालू करा. केबलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर थांबा आणि वायरमनला बोलवा, ते अंगावर काढायचं काम नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की टीव्हीची पिन, डिशची वायर आणि लॅपटॉपची केबल तिन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशच्या वायरीतूनही झटका येतो आणि एचडीएमआयचं पोर्ट जातं.

आदल्या संध्याकाळची यादी

• ज्या हॉलमध्ये सभा, त्याच टीव्हीला, त्याच केबलनं लॅपटॉप जोडून बघितला का?
• टीव्हीच्या कुठल्या आकड्यात केबल आहे ते चिठ्ठीवर लिहून रिमोटला चिकटवलं का?
• शिल्लकेचा रकाना पूर्ण दिसतो का? शेवटच्या खुर्चीवरून वाचता येतो का?
• आवाज आला का?
• ‘एक्स्टेंड’ केलं का? व्हॉट्सॲप बंद आहे का?
• चार्जर, जादा केबल, पेन ड्राइव्ह आणि छापील प्रती पिशवीत आहेत का?
• हे सगळं येणारी दोन माणसं तरी आहेत का? एकटा आजारी पडला तर सभा अडायला नको. त्यातली एक तरुण सभासद किंवा बचत गटातली ताई असेल तर उत्तमच.

एवढ्या तपासणीला अर्धा तास लागतो. सभेत जमाखर्च पडद्यावर आला की घाई करू नका, एका पानावर थांबा आणि विचारा, “कोणाला काही विचारायचं आहे का?” मागच्या रांगेतून प्रश्न आला, तर टीव्ही नीट जोडला गेला असं समजायचं.

यादीचा फोटो काढून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. सभेच्या आदल्या दिवशी उपयोगी पडेल.